‘हो ताई, समजलं’ म्हणणारा विद्यार्थी

प्रश्न : मी कराडला राहते. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आहे आणि सध्या बी.एड.च्या प्रवेशाची तयारी करत आहे. जूनपासून शेजारच्या इमारतीतील नववीच्या एका मुलाला त्याच्या घरी जाऊन गणित शिकवते. आठवड्यातून चार दिवस, रोज दीड तास. तो राज्य मंडळाच्या शाळेत, सेमी इंग्रजीत आहे. शांत आहे, त्रास अजिबात देत नाही. मी प्रत्येक प्रकरण मुळापासून समजावते, उदाहरणे सोडवून दाखवते, मग तो तशीच उदाहरणे माझ्यासमोर बरोबर सोडवतो. ‘समजलं का?’ विचारले की ‘हो ताई, समजलं’ म्हणतो. तरीही पहिल्या घटक चाचणीत त्याला वीसपैकी सात गुण मिळाले आणि सहामाहीला बीजगणितात चाळीसपैकी अकरा. त्याच्या आई म्हणतात, गृहपाठ वाढवा. मला मात्र फी घेताना संकोच वाटू लागला आहे. माझे नेमके कुठे चुकते आहे? शिकवणी सोडून द्यावी का?

उत्तर : तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही समजावता, सोडवून दाखवता आणि मग तो ‘तशीच’ उदाहरणे सोडवतो. दीड तासांपैकी किती वेळ पेन तुमच्या हातात असते आणि किती वेळ त्याच्या, याचा हिशोब एकदा घड्याळ समोर ठेवून करा. माझा अंदाज असा की तासभर तुम्ही बोलत आणि लिहीत असता आणि उरलेल्या अर्ध्या तासात तो तुम्ही पाच मिनिटांपूर्वी केलेल्या कृतीची नक्कल करतो. नक्कल बरोबर उतरते, म्हणून तुम्हालाही वाटते आणि त्यालाही वाटते की समजले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला बहुतेक वेळा असेच शिकवावे लागते, कारण प्रत्येकाजवळ बसून त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे विचारण्याइतका वेळ तासिकेत नसतो. शिकवणीत समोर एकच मूल असते आणि तो वेळ तिथे असतो. तुम्ही मात्र शाळेचा वर्गच उचलून त्याच्या घरी नेला आहे. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी घरी एकेका मुलाला शिकवू लागले, तेव्हा पहिले वर्षभर मीही हेच केले होते.

एक साधे उदाहरण घेऊ. तुमच्या विद्यार्थ्याला कागदावर ‘− ३ − ५’ एवढेच लिहून द्या आणि काही न बोलता बसा. तो ‘८’ लिहील अशी बरीच शक्यता आहे. नववीतल्या मुलांकडून ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता मला तिचे नवल वाटत नाही. अशा वेळी आपल्या तोंडून लगेच निघते, ‘अरे, दोन्ही ऋण आहेत ना, मग बेरीज कर आणि चिन्ह ऋण दे.’ तो मान डोलावतो, − ८ लिहितो आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. म्हणजे आधीच गोंधळलेल्या डोक्यात आपण आणखी एक नियम भरला. त्याऐवजी एवढेच विचारा : ‘आठ कसे काढलेस, ते मला सांग.’ तो म्हणेल, ‘वजा वजा अधिक.’ आता तुम्हाला चुकीमागचे मूळ दिसले. नियम त्याला पाठ आहे, नियम खोटाही नाही. तो गुणाकाराचा आहे आणि मुलाने तो बेरजेच्या घरात आणून बसवला आहे. मग त्याला विचारा, की टपरीवर तुझी तीन रुपये उधारी आहे आणि आज आणखी पाच रुपयांची उधारी केलीस, तर काय झाले. ‘आठ रुपये देणे’, हे तो स्वतः सांगेल आणि बहुधा स्वतःच आपल्या ‘८’कडे पुन्हा पाहील. त्यानंतर कागदावर चार गोष्टी लिहा : − ३ − ५, (− ३) × (− ५), − ३ − (− ५) आणि ३ − ५. सोडवायला सांगू नका. ‘वजा वजा अधिक’ यांपैकी कुठे लागू पडते आणि कुठे नाही, आणि का, एवढेच सांगायला लावा. पंधरा मिनिटे जातील, आणि ती जाऊ द्या. पूर्णांक संख्या सहावीत येतात; तिथे झालेला हा गोंधळ घेऊन मूल तीन वर्षे पुढे चालत आले असेल, तर बहुपदींची वजाबाकी तुम्ही कितीही सुंदर समजावली तरी उत्तर चुकणारच.

असेच ‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते’ या वाक्याचे. तीन एक्स बरोबर बारा, या समीकरणात मुलगा तीन पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि एक्स बरोबर नऊ असे लिहितो. ते वाक्य त्याला आपण शिक्षकांनीच दिलेले असते, वेळ वाचावा म्हणून. तुम्ही शिकवताना ते काही दिवस पूर्ण बंद ठेवा आणि प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंना काय केले हे त्याला तोंडाने म्हणायला लावा.

आता ‘समजलं का?’ या प्रश्नाविषयी. हा प्रश्न विचारणे सोडून द्या. आपल्याकडे ताईंनी एवढा घसा कोरडा करून सांगितल्यावर ‘नाही समजलं’ म्हणणे मुलाला उद्धटपणाचे वाटते. शिवाय न समजलेल्या मुलाला आपल्याला काय समजले नाही हेही बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्याऐवजी ‘ही दुसरी ओळ का लिहिलीस?’, ‘इथे चारने भागायचे कसे सुचले?’, ‘समज मी आज शाळेत आले नव्हते, मला हे शिकव’ असे विचारा. हे प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारायचे आहेत. मी हे एका मुलीकडून शिकले. सातवीतली ती मुलगी उत्तर देताना वहीकडे पाहत नसे, माझ्या तोंडाकडे पाहत असे. ‘सात?’ म्हणायची, माझ्या कपाळावर आठी दिसली की ‘नाही, नऊ’, तरीही आठी राहिली तर ‘अकरा’. मी फक्त चुकीच्या उत्तरालाच ‘कसे काढलेस?’ विचारत असे, त्यामुळे माझा प्रश्न म्हणजे चूक झाल्याची घंटा, हे तिने केव्हाच ओळखले होते. बरोबर उत्तरांनाही ‘कसे?’ विचारायला लागल्यावर दोन आठवड्यांनी तिने पहिल्यांदा मला सांगितले, ‘बाई, नऊच आहे, मी ताळा करून बघितला.’ त्या दोन आठवड्यांत असेही दिसले, की तिची निम्मी बरोबर उत्तरे चुकीच्या वाटेने आलेली होती.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असे आढळले. ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात, असेही तिने दाखवले. समोरासमोर बसलेले असताना शांतता आणखी जड वाटते, त्यातून बाहेर त्याच्या आई बसलेल्या असतात आणि आतून आवाज आला नाही की ‘शिकवणे थांबले की काय’ असे त्यांना वाटेल ही धास्ती असते. तरीही मनात दहापर्यंत अंक मोजा. मुलगा खिडकीबाहेर पाहत असेल तर वेगळी गोष्ट. पण वहीकडे पाहत असेल, पेनाचे टोपण चावत असेल, तर तो कामात आहे, त्याला मध्येच तोडू नका.

अडलाच, तर मदतही एकदम पूर्ण देऊ नये. आधी ‘प्रश्न पुन्हा मोठ्याने वाच’. त्याने भागले नाही तर ‘काय दिले आहे आणि काय काढायचे आहे?’, मग ‘असे उदाहरण आधी कुठे आले होते?’, तरीही अडला तर एकच ओळ तुम्ही सुचवा आणि पेन पुन्हा त्याच्याकडे द्या. गवंडी भिंत चढवताना परांची बांधतो आणि काम वर गेले की खालून ती सोडवत जातो, तसे हे आहे. शिक्षणशास्त्रातही हीच प्रतिमा रूढ आहे. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवण्याचा अभ्यास केला, तेव्हापासून ती या अर्थाने वापरली जाते, तुम्ही बी.एड.ला गेलात की ही नावे पुन्हा भेटतील. आणखी एका अभ्यासाने मला स्वतःला बरेच बदलले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठवीच्या मुलांना एकेकटे बसवून रक्ताभिसरण शिकवण्यात आले आणि शिकवणाऱ्यांना एका टप्प्यात सांगितले गेले, की तुम्ही स्पष्टीकरण द्यायचे नाही, फक्त मुलाला बोलते करायचे. मुले स्पष्टीकरण मिळालेल्या मुलांइतकीच शिकली. आपले स्पष्टीकरण ही आपल्याला आपली सर्वांत मौल्यवान वस्तू वाटते. तिच्यावाचून मुलाचे फारसे अडत नाही, हे पचायला मला थोडा वेळ लागला.

वहीविषयी एक बारीक सूचना. खोडरबर आणि व्हाइटनर दोन्ही दप्तरात राहू द्या. चूक झाली तर तिच्यावरून एक आडवी रेघ मारायची, खाली पुन्हा लिहायचे. खोडलेली वही नीटनेटकी दिसते, परंतु मुलगा कुठे वळला हे तिच्यात दिसत नाही. महिन्याभराच्या रेघा एकत्र पाहिल्या, की त्याच्या वीस चुका वेगवेगळ्या नसून दोन-तीनच चुका फिरून फिरून येत आहेत, हे तुमच्या लक्षात येईल. त्या दोन-तीन चुका त्याच्याच शब्दांत वहीच्या शेवटच्या पानावर त्यालाच लिहायला सांगा. ‘मी कंसाबाहेरचा वजा फक्त पहिल्या पदाला देतो’ असे एका मुलाने लिहिले होते. त्या एका वाक्याने जे साधले, ते माझ्या दोन महिन्यांच्या सांगण्याने साधले नव्हते.

पुढच्या आठवड्यातील एक पूर्ण दिवस नववीचे पुस्तक न उघडता काढा. चौथी ते सातवीच्या पातळीची वीसेक उदाहरणे द्या : तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, दशांश अपूर्णांकांचा गुणाकार, शेकडेवारी, ऋण संख्या. ही परीक्षा आहे असे म्हणू नका आणि ‘एवढंही येत नाही?’ हे तीन शब्द काहीही झाले तरी उच्चारू नका. कुठून सुरुवात करायची ते मला ठरवायचे आहे, असे खरे कारण सांगा. जिथे अडेल तिथे खाली उतरा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असे लिहिणाऱ्या मुलाला गुणोत्तर व प्रमाण शिकवण्यात अर्थ नाही. शाळेत ते प्रकरण सुरू असेल, वर्ग पुढे जात असेल, तुमचा जीव वरखाली होईल. म्हणून वेळेची वाटणी करा. निम्मा वेळ शाळेत जे चालू आहे त्याला आणि निम्मा मागच्या पोकळ्या भरायला. पूर्ण वेळ मागे गेलात तर शाळेत मुलाची फजिती होईल, आणि पूर्ण वेळ शाळेबरोबर धावलात तर आज जे चालले आहे तेच चालू राहील.

सेमी इंग्रजीची अडचण स्वतंत्र आहे आणि ती गणिताची नाही. मुलगा घरीदारी मराठीत विचार करतो आणि गणिताचे पुस्तक इंग्रजीत वाचतो. शाब्दिक उदाहरण चुकले, की ते आधी मराठीत तोंडी सांगून पाहा. ‘एका संख्येपेक्षा दुसरी पाचने मोठी आहे’ हे ऐकून तो चटकन समीकरण मांडत असेल आणि ‘एक्सीड्स बाय फाइव्ह’ वाचून अडत असेल, तर दुरुस्ती शब्दाची करायची, बीजगणिताची नव्हे. रोज दोन शब्द पुरेत : फॅक्टर म्हणजे अवयव, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, ट्रान्सव्हर्सल म्हणजे छेदिका. गंमत अशी की यांतील मराठी शब्दही त्याला नवे वाटतील, पण ‘छेदणारी ती छेदिका’ हे त्याला कळते, आणि मग इंग्रजी शब्दाला टेकायला जागा मिळते.

तुमच्यासमोर येते आणि परीक्षेत येत नाही, याचे दुसरे कारण विसरणे हे आहे, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. तुम्ही रोज पाच मिनिटांनंतरची चाचणी घेत आहात आणि शाळा आठवड्यांनंतरची घेते. त्यामुळे प्रत्येक दिवसाची पहिली दहा मिनिटे वही-पुस्तक बंद ठेवून जुन्या उदाहरणांना द्या : एक कालचे, एक मागच्या आठवड्यातील, एक महिन्यापूर्वीचे. गृहपाठ वाढवू नका, तो बदला. एकाच पद्धतीची पंधरा उदाहरणे दिली, की पहिल्या दोनांनंतर मूल विचार करणे थांबवते. त्याऐवजी सरमिसळ केलेली पाच द्या, म्हणजे कोणती पद्धत वापरायची हे प्रत्येक वेळी त्यालाच ठरवावे लागेल. परीक्षेत हेच तर करायचे असते, कारण तिथे उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते.

शिकवणीच्या परिणामाविषयी बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचा १९८४ चा निबंध नेहमी सांगितला जातो : एकेकटा बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. पुढील अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही. मात्र त्या निबंधातील एक गोष्ट सांगणारे बहुधा गाळतात : त्या मुलांच्या मधून मधून छोट्या चाचण्या होत, जे आले नाही ते दुरुस्त केले जाई आणि मगच पुढे जात. नुसते शेजारी बसण्याने काही होत नाही.

आता त्याच्या आईंविषयी. त्यांना टाळू नका. त्या पैसे देतात, त्यांना काळजी आहे, आणि काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही म्हणून त्या गृहपाठ मागतात, कारण गृहपाठ डोळ्यांना दिसतो. मुलगा समोर नसताना त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोला. साधारण असे म्हणता येईल : ‘काकू, सहावी-सातवीचे काही भाग कच्चे राहिले आहेत. ते मी आधी पक्के करून घेते. त्यामुळे पुढच्या चाचणीत लगेच मोठा फरक दिसणार नाही, वार्षिक परीक्षेपर्यंत दिसायला हवा.’ आणि दर पंधरा दिवसांनी वहीतील एखादे जुने चुकलेले आणि आता जमलेले उदाहरण त्यांना दाखवा. शक्य झाल्यास ते मुलालाच दाखवू द्या. शेजारच्या मुलीच्या गुणांशी तुलना मुलासमोर होऊ नये, ही विनंती मात्र स्पष्ट शब्दांत करा. शाळेचे प्रकल्प आणि वह्या पूर्ण करून देण्याची मागणी आली, तर नम्रपणे नाही म्हणा. खोलीचे दार उघडे असावे, मोबाइल दीड तास बाहेर, तुमचाही.

या सगळ्यानंतर दोन-तीन महिन्यांत काहीच हलले नाही, अंक उलटे लिहिणे, ओळ वाचताना शब्द गाळणे, काल पक्के वाटलेले पाढे आज पुसले जाणे, असे सतत दिसत राहिले, तर आईंना शाळेच्या समुपदेशकांशी किंवा बालरोगतज्ज्ञांशी बोलायला सुचवा. अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देते, त्यामुळे नववीत कळलेले बरे. निदान मात्र तुम्ही करू नका, ‘अक्षमता’ हा शब्दही मुलासमोर नको.

फी घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तुम्ही वेळ देत आहात, मन लावून देत आहात, आणि चूक कुठे आहे हे विचारण्याचा प्रामाणिकपणाही तुमच्याकडे आहे. शिकवणी आता, वर्षाच्या मध्ये, सोडू नका. मुलगा त्याचा अर्थ ‘माझ्यामुळे ताई कंटाळल्या’ असाच लावेल. वार्षिक परीक्षेपर्यंत करा. जानेवारीपासून चार दिवसांचे तीन दिवस करा आणि चौथ्या दिवशी त्याने एकट्याने बसून सरमिसळ उदाहरणे सोडवावीत, तुम्ही फक्त तपासावीत. फीही त्या प्रमाणात कमी करा, म्हणजे आईंना हा बदल तुमच्या सोयीसाठी आहे असे वाटणार नाही. जाता जाता : उद्या बी.एड. करून शाळेत लागलात, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा एका मुलाजवळ बसून शिकण्याची ही संधी तुमच्यासाठीही मर्यादित काळाचीच आहे.

सोमवारी जाताना सोबत पेन नेऊ नका. − ३ − ५ चे त्याने काय केले आणि ते कसे सांगितले, ते मला अवश्य कळवा. त्याच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करून नको.